बेलच्या हातातलं पुस्तक

दुपारची भांडी आवरली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हातातलं काम चालू द्या. आज कर्जाचा हप्ता नाही, योजनेचा अर्ज नाही. आज एक गोष्ट सांगणार आहोत. तशी ती लहान मुलांची आहे, पण आमच्या गटाच्या दोन बैठका तिच्यात गेल्या, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

गटाचं काम बघणाऱ्या आम्ही दोघी. सुट्टीत मुलांसाठी म्हणून मोबाइलवर एक कार्टून सिनेमा लावला, 'ब्यूटी अँड द बीस्ट'. डिस्ने कंपनीचा, १९९१ सालचा. मुलं पुढं बसली आणि त्यांच्या आया मागं. भाषा इंग्रजी, त्यामुळे मध्ये मध्ये थांबवून आम्ही मराठीत सांगत होतो.

गोष्ट फ्रान्समधल्या एका खेड्यातली. मुलीचं नाव बेल. आपल्या महादेवाला वाहतो तो बेल नव्हे. फ्रेंचमध्ये बेल म्हणजे सुंदर. घरात बापलेक दोघंच. बेलला वाचनाचं वेड, म्हणून गावाला ती जरा विचित्रच वाटते. गॅस्टन नावाचा एक पिळदार गडी तिच्याशी लग्न करायला टपलेला. एक दिवस बाप जंगलात वाट चुकतो आणि एका शापित वाड्यात अडकतो. वाड्याचा मालक मूळचा राजपुत्र, पण माजामुळे शाप लागून जनावर झालेला. आपण त्याला राक्षस म्हणू. त्याच्या नोकरचाकरांची झाली भांडीकुंडी: कुणी चहाची किटली, कुणी घड्याळ, कुणी मेणबत्त्यांचं झाड. बेल बापाला सोडवते आणि त्याच्या जागी स्वतः कैदेत राहते. राक्षसानं कुणावर जीव लावला आणि तिनंही त्याच्यावर लावला, तरच शाप सुटणार.

आता तुम्ही विचाराल, ज्यानं कोंडलं त्याच्यावरच जीव कसा लावायचा? आमच्याकडेही हा प्रश्न लगेच आला. कार्टूनमध्ये तो राक्षस बेलला लांडग्यांपासून वाचवतो, हळूहळू मऊ पडतो आणि शेवटी तिला जाऊ देतो. तरी आमचं पूर्ण समाधान झालं नाही. असो.

या कार्टूनवरून पुढं नाटक झालं, आणि आणखी पुढं खऱ्या माणसांचा सिनेमा. तिन्हीत गोष्ट तीच, पण बेलच्या हातातल्या पुस्तकाचं काय होतं ते तिन्हीत वेगळं आहे. आम्ही त्याच्याच मागं लागलो.

त्याआधी मूळ गोष्टीबद्दल थोडं, कारण ती दोन बायकांनी लिहिली आहे. पहिल्यांदा १७४० साली मादाम द व्हिलनव्ह यांनी लिहिली, चांगली लांबलचक. मग १७५६ साली मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ती छोटी करून मुलींसाठी लिहिली. या बाई लंडनला मोठ्या घरच्या मुलींना शिकवायच्या. त्यांच्या गोष्टीतल्या बेलच्या बापाचा व्यापार बुडतो आणि सगळं घर खेड्यात राहायला येतं. तिथं बेल पहाटे चारला उठते, झाडलोट करते, स्वयंपाक करते, आणि काम उरकल्यावर मग वाचते. बहिणी उशिरापर्यंत झोपून राहतात आणि वर तिलाच हसतात. पहाटे चार हे ऐकल्यावर बैठकीत एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलीच की."

कार्टूनमध्ये मात्र बेल काम करताना फारशी दिसतच नाही. टोपली घेऊन निघते, पुस्तकाच्या दुकानात जाते, आणि दुकानदार तिला आवडलेलं पुस्तक तसंच देऊन टाकतो. चालता चालता वाचते. गॅस्टन ते हिसकावतो, चिखलात फेकतो आणि सांगतो की बाईनं वाचू नये, वाचलं की ती विचार करायला लागते. कार्टूनमध्ये हे हसण्यावारी जातं. आमच्याकडे मुलं हसली, आया हसल्या नाहीत. पुढं राक्षस तिला खूश करायला आपलं ग्रंथालय दाखवतो, जमिनीपासून छतापर्यंत नुसती पुस्तकं, आणि म्हणतो की हे सगळं तुझं. सुंदर जागा आहे ती. पण बघा, पहिलं पुस्तक दुकानदारानं दिलं, बाकीची राक्षसानं दिली. बेल फक्त घेते.

ते काही असलं तरी कार्टून फार देखणं आहे. दीड तासाच्या आत संपतं आणि एक वाक्य फुकट जात नाही. ऑस्करमध्ये सर्वोत्तम सिनेमाच्या यादीत पोचलेला हा पहिला कार्टून सिनेमा. तो लिहिला लिंडा वूल्व्हर्टन या बाईंनी, आणि तीन वर्षांनी नाटकही त्यांनीच लिहिलं.

नाटक न्यूयॉर्कला १९९४ साली लागलं आणि तेरा वर्षं चाललं. भारतातही आपल्याच कलाकारांना घेऊन ते झालं होतं, २०१५ साली मुंबईत वरळीला. आम्ही काही तिथं गेलो नव्हतो. नाटकाची गाणी ऐकली, थोडे तुकडे पाहिले, बाकीचं वाचून काढलं.

रंगमंचावर माणसाची किटली कशी करायची? कार्टूनमध्ये किटली किटलीएवढीच, बशीवर बसते. जित्याजागत्या बाईला तेवढं लहान कसं करणार? त्यावर त्यांनी मोठी छान युक्ती केली. नाटकातले नोकर अजून पूर्ण वस्तू झालेले नाहीत, रोज थोडे थोडे होत चालले आहेत. किटलीबाईचा एक हात तोटी झालाय. घड्याळवाल्याला एक दिवस पाठीवर चावी फुटलेली सापडते, काल ती नव्हती. किटलीचं पोर म्हणजे कप, तर एका गाड्यावर कप आणि कपात नुसतं मुलाचं डोकं. जत्रेत धडाशिवाय बोलणारं मुंडकं असतं ना, तसंच. अडचणीतून काढलेली वाट आहे ही, पण तिनं गोष्ट जास्त खरी केली. कार्टूनमधल्या वस्तू गोड वाटतात. नाटकातल्या माणसांची भीती वाटते, कारण ती आपल्यादेखत वस्तू होत जातात. हे सांगत होतो तर मागून आवाज आला, "आमचं पातेलं कधीच झालंय." हशा पिकला, पण बोलणारी हसत नव्हती.

आणि पुस्तक? नाटकातला राक्षस ग्रंथालय दाखवतो. बेल म्हणते, आधी तू वाच. तेव्हा त्याला कबूल करावं लागतं की त्याला वाचता येत नाही. एवढा मोठा वाडा, एवढी पुस्तकं, आणि मालकाला अक्षर लागत नाही. तो ते लाजत सांगतो. मग बेल वाचते, आर्थर राजाची गोष्ट, आणि तो लहान मुलासारखा ऐकत बसतो. इथं पहिल्यांदा बेलकडे देण्यासारखं काहीतरी आहे. आमच्या मते दोघांची बरोबरी इथं सुरू होते, नाचाच्या प्रसंगात नाही.

तिसरं रूप २०१७ चा सिनेमा. बेलच्या कामात एमा वॉटसन, दिग्दर्शक बिल कॉन्डन. लांबी दोन तासांच्या वर, आणि ती जाणवते. किटली, घड्याळ अगदी खऱ्या धातूचे, खऱ्या चिनीमातीचे दिसतात, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू-रडू नीट कळत नाही. मुलं कंटाळली. पण सुरुवातीचा एक प्रसंग आम्ही मागं घेऊन तीनदा पाहिला.

कार्टूनमध्ये यंत्रं बनवतो तो बाप. या सिनेमात डोकं बेलचं चालतं. ती एका पिंपात कपडे आणि साबण भरते, पिंप गाढवाला दोरीनं बांधते आणि गाढवाला गोल फिरवते. झालं धुण्याचं यंत्र! धुणं आपलं आपण होतंय, बेलचे हात मोकळे. त्या मोकळ्या वेळात ती काय करते? शेजारी बसलेल्या एका लहान मुलीला वाचायला शिकवते. तेवढ्यात गावचे मास्तर आणि बाकीचे येतात. एक वाचणारी बाई पुरे नाही का, आणखी एकीला कशाला शिकवतेस, असा त्यांचा राग. तिचं धुतलेलं धुणं ते रस्त्यावर ओततात. कार्टूनमध्ये एकट्या गॅस्टननं पुस्तक फेकलं होतं, इथं अख्खं गाव धुणं फेकतं. पाठोपाठ गॅस्टन तिला एका भिकारणीकडं बोट दाखवून सांगतो की बाप गेल्यावर बिनलग्नाच्या बाईचं या गावात असं होतं. हे ऐकून आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही.

या सिनेमातला राक्षस मात्र शिकलेला. शेक्सपिअर त्याला पाठ. बेलला तो उलट पुस्तकांवरून टोमणे मारतो. दोघांची जोडी जमते, पण नाटकातला तो लाजण्याचा क्षण गेला. एक गोष्ट मात्र या सिनेमात चांगली आहे: जी मोकळी नाही ती सुखी कशी असेल, हे बेल त्याला सरळ विचारते, आणि मग तो तिला सोडतो. कोंडण्याच्या प्रश्नाला कुणी तोंड तरी फोडलं.

तुमचं मत वेगळं असेल. आम्हाला विचाराल तर कार्टूनची गाणी, सिनेमातलं धुण्याचं पिंप आणि नाटकातलं ग्रंथालय एका जागी हवं होतं.

पण आमच्या दोन बैठका गेल्या त्या यावरून नाही. सिनेमा संपल्यावर सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "त्या पोरीचं पुढं काय झालं? वाचायला शिकत होती ती." आम्ही म्हणालो, गोष्ट मग वाड्यात जाते. आजी म्हणाल्या, "जाते का तुम्ही तेवढीच सांगितली? तुम्ही सांगाल तेवढंच आम्हाला कळतं."

बोलायचं होतं ते सिनेमाबद्दल नव्हतं, हे आम्हाला लगेच कळलं. गटाचं इतिवृत्त आम्ही लिहितो. आम्हीच वाचून दाखवतो, घाईघाईनं, आणि बाया सह्या करतात. सही सगळ्यांना येते. अंगठा गेला म्हणून आम्ही मागं पेढेसुद्धा वाटले होते. पण सहीच्या वरचं वाचता येणाऱ्या आमच्या गटात चौघीच. खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचं होतं. बैठक अर्ध्या तासात उरकायची.

आता इतिवृत्त आम्ही वाचत नाही. दर बैठकीला एकीनं वाचायचं ठरलं आहे, अडलं तर शेजारणीनं सांगायचं. गेल्या खेपेला आजींची पाळी होती. तीन ओळी वाचायला इतका वेळ लागला की चहा निवला. दोघी कंटाळून उठूनही गेल्या. तिसऱ्या ओळीत आजी थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या नावातला एक काना वहीत राहिला होता, आणि मागची पानं उलटली तर गेली सहा वर्षं तो राहतच आला होता. त्यांनी पेन मागून घेतलं, काना दिला, आणि म्हणाल्या, "आता कर्जाचं पान काढ."