क्षमा आणि जाब : स्वागताध्यक्षीय भाषण




हिंसा, अन्याय आणि ख्रिस्ती नीती या विषयावरची परिषद काशीत कशासाठी, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर या नगरीच्या इतिहासात आहे. नीलकंठशास्त्री गोरे हे कोकणस्थ पंडित याच नगरीत वाढले. मिशनऱ्यांशी वाद घालता घालता १८४८ मध्ये ते स्वतःच ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. पुढे ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेच्या प्रवासात त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता.

रमाबाईंविषयी थोडे अधिक बोलतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले आणि प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात ते उघड सांगितले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप झिडकारले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, बाईंच्या कामाला परदेशातून मदत करणारेही ख्रिस्तीच. तरीही त्यांनी भीड धरली नाही. त्याच पुण्यात २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. पुढे तिघे भाऊ फासावर गेले. त्यांच्या त्यागापुढे माझी मान लवते. पण त्या हल्ल्यात रँडबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही बळी गेला, हे मला विसरता येत नाही. मला बाईंचा मार्ग अधिक धैर्याचा वाटतो. त्यांनी सत्तेला जाब विचारला आणि कुणाचा जीव घेतला नाही.

क्षमेचा उपदेश आपल्याकडे बहुधा मार खाणाऱ्यालाच केला जातो. हे मला मान्य नाही. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात मारणाऱ्याला मोकळीक दिलेली नाही.

हिंसेला संयमाने दिलेले उत्तर या शहरानेही अनुभवले आहे. ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात आणि कँट स्टेशनवर स्फोट झाले. मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र आणि मुफ्ती अब्दुल बातिन नोमानी या दोघांनी शांततेचे आवाहन केले. काशीत दंगल पेटली नाही.

आणि फादर स्टॅन स्वामी? आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेला हा वृद्ध जेझुइट धर्मगुरू, आरोप सिद्ध होण्याआधीच, जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वारला. त्यांच्याबद्दल बोलायला आपल्या किती चर्चमध्ये हिंमत झाली, याची चर्चा इथे मोकळेपणाने व्हावी.

परिषदेत ठराव होतील. ते मोघम करू नका. अन्याय कुणावर झाला, कुणी केला आणि आपण काय करणार, हे स्पष्ट लिहा. राहण्याजेवणाची काही अडचण आली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.