पोपट पाळण्यापूर्वीं



आमच्या शेजारीं एक निवृत्त प्राध्यापक राहत असत. त्यांच्यापाशीं राखी रंगाचा, तांबड्या शेपटीचा एक आफ्रिकन पोपट होता. प्राध्यापक वारले त्या वेळीं तो २३ वर्षांचा होता. त्यानंतर कित्येक महिने, दुपारीं चार वाजले कीं तो हुबेहूब त्यांच्याच आवाजांत विचारी, "अग, चहा झाला का?" स्वयंपाकघरांत त्यांच्या पत्नी हातांतलें काम तसेंच ठेवून क्षणभर स्तब्ध उभ्या राहत. पुढें पोपटानें छातीवरचीं पिसें उपटावयास आरंभ केला. पशुवैद्यांना कोणताच रोग आढळला नाहीं. "त्याचा माणूस गेला," एवढेंच ते म्हणाले.

मोठा पोपट घ्यावा असें ज्यांच्या मनांत येतें, ते बहुधा दोन प्रश्न विचारतात : तो बोलतो का, आणि त्याची किंमत काय? माझ्या मतें पहिला प्रश्न निराळाच असावयास पाहिजे. माझ्यामागें याचें कोण करील, हा तो प्रश्न.

प्रथम निवडीची गोष्ट. आजोळच्या ओसरीवर टांगलेला राघू पुष्कळांना आठवत असेल. पण तो काळ गेला. आपल्याकडील हिरवा पोपट, तसाच खांद्यावर तांबूस डाग असलेला त्याचा थोरला भाऊबंद, या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांना पकडणें, विकणें वा पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. राहिले परदेशी पोपट : आफ्रिकेंतील राखी, दक्षिण अमेरिकेंतील मकाव, ऑस्ट्रेलिया व आसपासच्या बेटांवरील काकाकुवा. राखी पोपटांची जंगलांतून इतकी लूट झाली कीं, रानांत पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास २०१७ सालीं बंदी झाली. म्हणून पाळीव जोडप्यापासून जन्मलेला, पायांत कडें आणि सोबत कागदपत्रें असलेलाच पक्षी घ्यावा. २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची रीतसर नोंदणीही करावी.

आतां त्याच्या बुद्धीविषयीं. अर्थ न समजतां केलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतों. हा त्या जातीवर अन्यायच आहे. अमेरिकेंत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनीं १९७७ सालीं दुकानांतून एक राखी पोपट आणला, त्याचें नांव ॲलेक्स ठेविलें आणि त्याला तीस वर्षें शिकविलें. तो वस्तूंचे रंग व आकार सांगे, सहापर्यंत मोजी, दोन वस्तूंत सारखें काय नि वेगळें काय हेंही ओळखी. २००७ सालीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, तो मरण पावला. असल्या बुद्धीला दिवसभर रिकाम्या पिंजऱ्यांत कोंडणें म्हणजे चलाख मुलाला खोलींत डांबून कामावर निघून जाणेंच होय.

त्याला रोज कांहीं तास बाहेर मोकळें सोडावें लागतें, कुरतडावयास लाकूड द्यावें लागतें, आणि १०-१२ तासांची निवांत झोप मिळूं द्यावी लागते. निळा-पिवळा मकाव चोंचेपासून शेपटीपर्यंत सुमारें ८५ सेंटिमीटर भरतो. सकाळ-संध्याकाळ तो ओरडूं लागला म्हणजे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही घड्याळ पाहावें लागत नाहीं! नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर त्याला ठेवूं नये. पालेभाजी, गाजर, पेरू द्यावा. मिरची तो आनंदानें खातो, कारण पक्ष्यांना तिखटाचा दाह जाणवत नाहीं. मात्र चॉकलेट आणि अव्होकाडो हें त्याला विष आहे. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनें पोपट कांहीं मिनिटांत मरूं शकतो. बायकांनीं व पुरुषांनींही ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हें सर्व नीट केलें, तर राखी पोपट ४०-५० वर्षें जगतो. मकाव त्याहूनही अधिक. पन्नाशींत पिलूं आणणाऱ्या गृहस्थानें हा हिशेब आधीं मांडावा. नळीवर बसलेला पोपट आपण अडकलों असें उगीच समजतो, हा दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. पाळणाऱ्याचें याच्या उलट होतें : तो खरोखर बांधला जातो, आणि आपण मोकळे आहों असें समजतो.

आमच्या शेजारच्या बाईंनीं हा हिशेब उशिरां का होईना, पण मांडला. त्यांची भाची दर रविवारीं येऊं लागली. पहिले कांहीं महिने पोपटानें तिच्याकडे पाठच फिरविली. मग एके दिवशीं तिच्या हातचा पेरू घेतला. आतां त्याच्या छातीवर नवीं पिसें आलीं आहेत. चार वाजतां चहाची चौकशी अजून होते. पण बाई आतां थबकत नाहींत. "झाला हो," असें उत्तर देऊन त्या आधण ठेवतात.