प्रोटॉनचा सातबारा

(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)

एवढ्या उकाड्यात आंबे घरी ठेवून इथे आलेल्या मंडळींनो,

परिचयात मला शास्त्रज्ञ म्हटलं गेलं. ते आधी दुरुस्त करतो. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. आणि बरीच वर्षं हार्बर लाइनने जाऊन कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मागच्या रांगेत बसून व्याख्यानं ऐकली. निम्मी कळली. अधिक-उणे पाव. (हशा)

हसलात ते बरं झालं, कारण आज मला बोलायचंय ते या 'अधिक-उणे'बद्दलच. विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे, क्वार्क, प्रबल बल, संगणक वगैरे. पण माझं एक वेड आहे, ते आधीच कबूल करतो. जो आकडा आपली चूक किती असू शकेल हे सोबत सांगत नाही, त्याला मी आकडा मानत नाही. काल इथे मधुमेहावर व्याख्यान होतं आणि उभं राहायला जागा नव्हती, असं ऐकलं. मधुमेहाशी स्पर्धा करण्याची माझी छाती नाही. पण तुमचा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट सुद्धा अधिक-उणे सांगत नाही, एवढंच नोंदवून पुढे जातो.

अणू, त्यात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन, हे सगळं तुम्ही नववी-दहावीत केलंय. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क, हेही कानावरून गेलं असेल. 1964 मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी ती कल्पना मांडली. त्या तिघांना बांधून ठेवतात ते ग्लुऑन. नावातच ग्लू आहे, म्हणजे डिंक. एवढं पुरे.

गंमत पुढे आहे. हा डिंक उलट्या स्वभावाचा. क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ असले, की जवळजवळ मोकळे. 1973 मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी हे दाखवलं आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण दूर ओढायला जा, तर ओढ कमी होतच नाही. दोन क्वार्कांमधल्या त्या अदृश्य दोरीचा ताण जवळपास पंधरा टन वजनाइतका आहे. म्हणजे आपल्या डेपोतली प्रवाशांनी खचाखच भरलेली एसटी उचलून त्या दोरीला टांगा. आणि दोरीची लांबी? मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. म्हणून सुटा क्वार्क आजवर कुणाला पकडता आलेला नाही.

आता हे गणिताने का सुटत नाही? विद्युतचुंबकीय बलात प्रत्येक पायरीची दुरुस्ती मागच्यापेक्षा कितीतरी लहान, कारण त्या बलाची ताकद सांगणारा मूळ आकडा 137 मधला एक. दोन-तीन पायऱ्यांत काम होतं. इथे, प्रबल बलात, तो आकडा एकाच्या आसपास. दुरुस्तीची दुरुस्ती मूळ रकमेएवढीच. उधारीच्या वहीसारखं, हिशेब संपतच नाही.

1974 मध्ये केनेथ विल्सन नावाच्या अमेरिकन माणसाने वाट काढली. त्याने म्हटलं, अवकाश सलग समजू नका, ठिपके मांडा. इथे बसलेल्या सगळ्या भगिनींना हे माझ्याआधी समजलंय. ठिपक्यांची रांगोळी! क्वार्क ठिपक्यांवर, ग्लुऑन ठिपके जोडणाऱ्या रेघांवर. फक्त रांगोळी अंगणातली नाही, चार दिशांची आहे. लांबी, रुंदी, उंची आणि काळ. काळाशी थोडी लबाडी करावी लागते, ती आज सोडून देऊ. प्रत्येक रेघेवर एक तीन बाय तीनची चौकट, प्रत्येक घरात दोन, म्हणजे तिचे अठरा आकडे. झालं.

किती आकडे होतात बघा. कुलाब्याला 1960 साली टिफ्रॅक हा आपल्याकडे बांधलेला संगणक सुरू झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो बांधला, नाव ठेवलं नेहरूंनी. त्याच्या स्मरणात 2048 आकडे मावत. मी एकदा लोकलमध्ये हिशेब केला. प्रत्येक दिशेला दोन-दोन ठिपके मांडले, तर सोळा ठिपके, चौसष्ट रेघा, 1152 आकडे. मावले! तीन-तीन ठिपके घेतले, की 5832. गेलं. आणि त्याच संस्थेतल्या नीलमणी माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड क्वार्कांच्या कणांची वस्तुमानं काढायला 2018 मध्ये ठिपक्यांच्या ज्या जाळ्या वापरल्या, त्यांतली सर्वांत बारीक 48 गुणिले 48 गुणिले 48 गुणिले 144. म्हणजे 114 कोटींहून जास्त आकडे, आणि हा रांगोळीचा एकच नमुना. असे शेकडो काढायचे असतात.

शेकडो का, तर शितावरून भाताची परीक्षा. शक्य त्या सगळ्या रांगोळ्या मोजायला विश्वाचं वय पुरणार नाही. म्हणून फासे टाकून, नियमाने, नमुने निवडायचे. पण गृहिणीला माहीत असतं, एकाच कोपऱ्यातली दहा शितं म्हणजे दहा परीक्षा नव्हेत. ढवळावं लागतं. आणि शितं जितकी, तितका निकाल पक्का. ही झाली पहिली चूक, शितांची. दुसरी चौकटींची. ती सांगायला मला माझ्या वडिलांकडे जावं लागेल. दोन मिनिटं फक्त.

वडील मोजणीदार होते. शंकू-साखळीच्या काळातले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इथल्या निम्म्या लोकांना हे माझ्यापेक्षा चांगलं येतं, विमानतळाच्या भूसंपादनाने सगळ्यांनाच शिकवलंय. (हशा) तर खाडीकाठच्या एका गावात दोन भावांची वाटणी. जमीन खाजणाची, एक बाजू थेट खाडीला. बांध वाकडातिकडा, आणि भरतीला रोज नवा. मी नऊ-दहा वर्षांचा, साखळीचं दुसरं टोक धरायला. चिखलात पाय रुतलेले, पाणकोंबड्या ओरडतायत, आणि धाकटा भाऊ दर पाच मिनिटांनी येऊन विचारतोय, "झालं का, अण्णा?"

वडिलांनी संध्याकाळी टिपण कागदावर उतरवलं आणि वर चौकटींचा पातळ कागद ठेवला. मोठ्या चौकटी मोजल्या, एक एकर पस्तीस गुंठे. मग त्याहून लहान चौकटींचा कागद, एक एकर सदतीस. आणखी लहान, एक एकर अडतीस. मी म्हटलं, अण्णा, आणखी बारीक कागद घ्या ना. ते म्हणाले, "कागद संपले, पण आकडा कुठे चाललाय ते दिसतंय ना?" आणि त्यांनी सांगितलं, एक एकर साडेअडतीस गुंठे, अर्धा गुंठा इकडेतिकडे. थोरला भाऊ उभाच राहिला. "इकडेतिकडे म्हणजे कुणाकडे?" (मोठा हशा)

भावांनी दुसरा मोजणीदार आणला. त्याने चौरस फुटापर्यंत आकडा दिला, अगदी घासूनपुसून. त्याला जेवायला कोंबडी मिळाली. आम्ही चहा पिऊन एसटीने परत. अर्धा गुंठा शेवटी कुणाला मिळाला ते नंतर सांगतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलंय.

पण थांबा, हाच मुद्दा आहे. माथुर मंडळींच्या तीन जाळ्या होत्या. ठिपक्यांमधलं अंतर 0.12 फर्मी, 0.09 आणि 0.06. फर्मी म्हणजे मघाची ती दोरीची लांबी. तीन कागद! आणि मग आकडा कुठे चाललाय ते पाहून शून्य अंतरापर्यंत रेघ ओढायची. आणखी बारीक का नाही? अंतर निम्मं केलं, की चार दिशांमुळे ठिपके सोळापट, आणि वेळ त्याहूनही जास्त. तिथेही कागद संपतात.

(सभागृहातून: याचा उपयोग काय?)

येणार, हा प्रश्न दर वेळी येतो. बसा, बसा. तुमचं वजन किती, सत्तर किलो? त्यातल्या क्वार्कांचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. प्रोटॉनचं वस्तुमान, कणांच्या मापात, 938 एमइव्ही, आणि त्यातल्या तीन क्वार्कांची बेरीज नऊच्या आसपास. बाकीचे नव्व्याण्णव टक्के कुठून आले? त्या ओढाताणीच्या ऊर्जेतून. सातबाऱ्यावर मालक तिघे, पण जमीन जवळजवळ सगळी बांधाची! हे नुसतं म्हणणं नाही. 2008 मध्ये युरोपातल्या एका गटाने जाळीवर हिशेब करून प्रोटॉन-न्यूट्रॉनचं वस्तुमान काढलं. 936, अधिक-उणे 25, अधिक-उणे 22. पहिली चूक शितांची, दुसरी चौकटींची आणि तत्सम. दोन्ही वेगवेगळ्या, मान खाली न घालता छापलेल्या. मला तो 936 आवडतोच, पण त्यापुढचे ते दोन आकडे मला जास्त आवडतात. उपयोग विचारणाऱ्यांनी माझ्यावर रागावू नये, पण असं लिहिण्याची सवय लागणं हा मी उपयोगच समजतो.

आता आपल्या मुंबईकडे. क्वार्क भयंकर तापवले, की दोरी सैल होते आणि प्रोटॉन विरघळतात. किती अंशाला? सुमारे 1.8 लाख कोटी. भौतिकीच्या भाषेत 156.5 अधिक-उणे 1.5 एमइव्ही. पण पाणी उकळतं तसं हे एका ठरावीक क्षणी होत नाही, हे 2006 मध्ये जाळीवरच ठरलं. अढीतला आंबा नेमका कधी पिकला सांगा पाहू? सोमवारी कच्चा, शुक्रवारी पिकला, मधली रेघ कुठेच नाही. तसं. मात्र क्वार्कांची दाटी वाढवली, तर पुढे कुठेतरी हा आंबा पाण्यासारखा एकदम उकळू लागेल, असा अंदाज आहे. ती सुरुवात जिथे होते तो क्रांतिक बिंदू. दाटी असली, की फासे टाकण्याची युक्ती चालत नाही, कारण संभाव्यता ऋण येऊ लागते. टाटा संस्थेतल्या राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी दाटी शून्य धरून तिथून पायरीपायरीने पुढे जाण्याची रीत बसवली.

2005 मध्ये त्यांनी बिंदूची जागा एका गुणोत्तरात सांगितली. ते गुणोत्तर कसलं ते सोडा, आकडा ऐका. 1.1, अधिक-उणे 0.2. जाळीत काळाच्या दिशेला चार ठिपके होते. मग संस्थेतल्या क्रे एक्स-1 वर सहा ठिपक्यांची बारीक जाळी घेतली, आणि 2008 मध्ये आकडा आला 1.8, अधिक-उणे 0.1.

तुम्ही म्हणाल, हे तर चुकलं. पहिला अधिक-उणे धरूनही 1.3 च्या पुढे जात नाही! मी त्या वेळी मागच्या रांगेत बसून असंच पुटपुटलो होतो. घरी येऊन समजलं. पहिला 0.2 शितांचा होता. चौकटींचा अजून मोजायचा होता, म्हणून तर त्यांनी दुसरा कागद घेतला. स्वतःचाच आकडा हलवायला माणसं तीन वर्षं यंत्रं चालवतात. खाडीकाठच्या त्या थोरल्या भावाने तीन तास थांबायला नकार दिला होता. अमेरिकेत ब्रुकहेवनला 2010 पासून सोन्याची केंद्रकं वेगवेगळ्या ऊर्जेला आदळून हा बिंदू शोधायला सुरुवात झाली. पक्का सापडल्याची नोंद अजून नाही.

चिठ्ठी आली. "पाच मिनिटं." अधिक-उणे काहीच लिहिलेलं नाही. (हशा)

मग तीन पानं उलटतो. म्युऑनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावाचं, तेवढं सांगू द्या, कारण ते तुम्ही पेपरात वाचलंय. 7 एप्रिल 2021. अमेरिकेतल्या फर्मिलॅबने जाहीर केलं, की म्युऑनचं चुंबकत्व सिद्धांताशी जुळत नाही. मथळे आले, नवं बल सापडलं! त्याच दिवशी 'नेचर'मध्ये जाळीवरचा एक हिशेब छापून आला. त्यात सिद्धांताचा आकडाच प्रयोगाकडे सरकलेला होता. त्याला मथळा मिळाला नाही. 2025 मध्ये जगभरच्या सिद्धांतवाल्यांनी जाळीचेच आकडे अधिकृत धरले आणि फरक मिटला. पण तेही नीट वाचा. सिद्धांताचा अधिक-उणे प्रयोगाच्या सुमारे चौपट आहे. म्हणजे नवं बल नाही असं सिद्ध झालेलं नाही. एवढंच, की आज तरी त्याची गरज दिसत नाही. हे वाक्य मथळ्यात बसत नाही, त्याला मी काय करू?

न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड का, हे राहिलं. हो, उठलोच.

(सभागृहातून: अर्धा गुंठा कुणाला मिळाला?)

हां, तो! वाटणीपत्र झालं दुसऱ्याच्या आकड्यावर. पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला, पुन्हा मोजणी झाली, आकडा पुन्हा बदलला. तेव्हा वडिलांना परत बोलावलं. त्यांनी तेवढी पट्टी दोघांच्या नावावर सामाईक लिहायला लावली. मी बारावीत असताना वडिलांबरोबर पुन्हा तिथे गेलो होतो, तेव्हा भरती होती. पट्टी पाण्याखाली, आणि दोघे भाऊ काठावर बसून गळ टाकत होते.