निर्णय कोणाच्या हाती?

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनिअर. भाषण हा माझा प्रांत नव्हे, पण आजचा विषय माझ्या रोजच्या कामाला लागून आहे. अल्गोरिदम म्हणजे निर्णयासाठी यंत्राला आखून दिलेली नियमांची साखळी. आमचे इंटरलॉकिंग तेच करते. दोन गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर दोघींना एकाच वेळी सिग्नल मिळत नाही. तेव्हा यंत्राशी माझे भांडण नाही.

पण आमच्याकडे नियम कागदावर असतो. बिघाड झाला तर सिग्नल लाल होतो. आणीबाणीत माणसाने मार्ग मोकळा केला, तर काउंटरचा आकडा आणि कारण रजिस्टरमध्ये लिहावे लागते. राजधानी-शताब्दीचे २०१६ साली आलेले फ्लेक्सी भाडेच घ्या. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी, ठरावीक मर्यादेपर्यंत, वाढते. आपण कुरकुर करतो. पण नियम जाहीर आहे, म्हणून निदान मुद्द्याची कुरकुर करता येते. मोबाइलवर आपल्या मुलाला पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा, हे ठरवणारा नियम मात्र आपण पाहिलेला नाही. त्याने पडद्यासमोरून उठू नये, यातच त्या नियमाचा फायदा.

यंत्राचा निकाल बदलता येतो का? येतो. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनामुळे ए-लेव्हलची परीक्षा झाली नाही. शाळेचे मागील निकाल धरून अल्गोरिदमने श्रेणी दिल्या आणि शिक्षकांनी सुचवलेल्या सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. मुले रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांचा अंदाज मान्य केला.

दुसरे उदाहरण घरचेच. १७ जून २०१५ रोजी आपल्या इटारसीच्या रूट रिले इंटरलॉकिंग केबिनला आग लागली. शेकडो गाड्या रद्द झाल्या. ज्या धावल्या, त्या माणसांच्या हातांवर धावल्या. हाताने काम करण्याची विद्या शिल्लक होती, म्हणूनच ते जमले. रस्ता विचारणे, पुस्तक स्वतः निवडणे, दुकानदाराशी भाव करणे याही अशाच विद्या आहेत. त्या गंजू देऊ नका.

घरी गेल्यावर एवढे करा. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. वॉच हिस्टरी पुसून बंद ठेवली, की पहिल्या पानावरच्या शिफारशीही थांबतात. इन्स्टाग्रामवर ‘फॉलोइंग’ निवडा. मग तुम्ही निवडलेल्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. आणि कुठल्याही कचेरीत ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर शांतपणे लेखी कारण मागा. सिस्टीमला सही करता येत नाही. सही माणसालाच करावी लागते.

बुद्धिदात्याच्या मांडवात एवढेच मागणे, की दिलेली बुद्धी वापरण्याची सवय आमच्यात राहो.

गणपती बाप्पा मोरया!