साखर आणि डोळ्याचा पडदा



आज आम्ही मधुमेहाच्या एका चोरट्या कामाविषयी बोलणार आहोत. मधुमेह म्हणजे आपला साखरेचा आजार. कुणी नुसते 'शुगर' म्हणतात. हा आजार आता शहरातल्या सुखवस्तू लोकांचाच राहिलेला नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निकाल आला. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असे त्यात दिसले.

साखर वाढली की पाय बधिर होतात, जखम लवकर भरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याचे मात्र लवकर कळत नाही.

डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूचे चित्र त्यावर उमटते, म्हणून आपल्याला दिसते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या फार बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की त्या कमजोर होतात. शेतातला जुना पाइप जागोजाग पाझरतो ना, तशा त्या पाझरतात. काही बुजतात. मग पडद्याला रक्त कमी पडते आणि तिथे नव्या नळ्या उगवतात. पण त्या अगदी नाजूक. एखादी फुटली की डोळ्यात रक्त उतरते. माणूस सकाळी उठतो, तर डोळ्यापुढे काळी जाळी! पडद्याच्या मध्यावर पाणी साचले, तर अक्षरे पुसट होतात, सरळ रेघ वाकडी दिसते.

आता यातली फसवी गोष्ट ऐका. हे सारे चालू असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही. पुष्कळदा बरीच वर्षे नजरही चांगली राहते. म्हणून आजीबाई म्हणतात, "मला अजून सुईत दोरा ओवता येतोय, डोळे कशाला दाखवू?" ओवता येतो, चांगलेच आहे. पण त्यावरून मागच्या पडद्याचे काही कळत नाही. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला, तरी कळत नाही. पडदा बघावाच लागतो.

बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते आधी विचारतात, "मामा, साखर कधीपासून आहे? गोळ्या चालू आहेत ना?" खरे ते सांगावे. गोळ्या सोडल्या असतील तर तेही सांगावे. रागावले तर रागावू द्या! मग ते डोळ्यात थेंब घालतात. साधारण अर्ध्या तासात बाहुली मोठी होते आणि आतला पडदा नीट बघता येतो. काही ठिकाणी कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. थेंबांनंतर ४ ते ६ तास जवळचे धूसर दिसते, ऊन सोसत नाही. म्हणून स्वतः मोटारसायकल चालवू नये. सोबत कुणाला तरी न्यावे.

मोठ्या वयात साखर निघाली, की लगेच ही तपासणी करावी. कारण आजार कळण्याआधीच तो काही वर्षे अंगात असू शकतो. पुढे दर वर्षी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच. आणि हो, साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर ताळ्यावर येऊन काही आठवडे झाले, की मगच चष्मा करावा. नाहीतर पैसे फुकट.

पडदा बिघडलेला निघाला, तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे लेसरचे किरण देतात, नाहीतर डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण आधी डोळा बधिर करतात, बरं का. इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला जावे लागते. लोक दोन खेपा करतात, सुगी आली की थांबतात. आम्हाला इथे फार हळहळ वाटते. लेसरचे मुख्य काम उरलेली नजर राखण्याचे आहे. गेलेली नजर त्याने सहसा परत येत नाही.

डोळ्यात मध किंवा पाल्याचा रस घालू नका. तो पडद्यापर्यंत पोचतच नाही, वरून इजा मात्र होते. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, हेच घरचे औषध. एकाएकी काळी जाळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणीचा कागद जपून ठेवा. पुढची तारीख त्यावर लिहून घ्या. ती आता तुमची तुम्हाला वाचता येते. घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा.