१९५६ साली शेजारी काय घडत होतं?

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

चाळीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवलं, तेव्हा आज बोलणार तेही त्याच विषयातलं.

मी एम.ए.ला होते तेव्हा आम्हाला ‘तौलनिक शासनसंस्था’ नावाचा पेपर होता. दिवाळीपर्यंत ब्रिटन आणि अमेरिका, नाताळनंतर स्वित्झर्लंड, वेळ उरला तर फ्रान्स. प्रत्येक राज्यघटनेची वैशिष्ट्यं पाठ करायची. ‘ब्रिटनचा पंतप्रधान व अमेरिकेचा अध्यक्ष यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास यायचा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, दोन्हीकडे मुद्दे लिहायचे, झाली तुलना. हा फरक का पडला, ते कुणी विचारत नसे. आमच्या विषयात देशांची नुसती वर्णनं चालतात, तुलना होतच नाही, आणि युरोपाबाहेर कुणाचं लक्ष जात नाही, ही तक्रार रॉय मॅक्रिडिस यांनी १९५५ सालीच छापून केली होती. पुढे मी अभ्यास मंडळावर गेले तेव्हाही पेपरचा सांगाडा तोच. बदल सुचवला की उत्तर मिळे, ‘मॅडम, बाजारात गाइडं याच क्रमानं आहेत. मुलांची गैरसोय होईल.’ ॲरिस्टॉटलच्या विद्यालयात १५८ राज्यघटना गोळा केल्या होत्या असं सांगतात. त्या पाठ करायला नव्हे, राज्यं कशानं टिकतात आणि कशानं मोडतात याचा छडा लावायला. आम्ही चार देश घेतले आणि तो प्रश्नच सोडून दिला. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरी आठवण १९७७ची. निवडणूक नुकतीच झाली होती. मराठवाड्यातल्या एका गावात मी प्रश्नावली भरून घेत हिंडत होते. प्रश्नावली मूळ इंग्रजीतली, आमच्यासाठी मराठी केलेली. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि प्रश्न वाचला, ‘तुमच्यासारख्या माणसांचं सरकार ऐकतं, असं तुम्हाला वाटतं का?’ तिनं सूप मांडीवर ठेवलं. म्हणाली, ‘कोन्तं सरकार गं माय? तलाठ्याचं का दिल्लीचं? तलाठी तर उद्या ये म्हनतो, परवा ये म्हनतो. दिल्लीचं मातर यंदा आमी पाडलं की.’

माझ्या कागदावर सरकार एकच होतं आणि त्याच्यापुढे पाच चौकटी होत्या. तिचं उत्तर त्यांतल्या एकीतही बसेना. संध्याकाळी मुक्कामावर पर्यवेक्षकांना विचारलं. ते म्हणाले, ‘सांगता येत नाही’वर खूण करा आणि पुढं चला. मी खूण केली. पुढे कोष्टकं छापून आली, त्यांत ग्रामीण स्त्रियांमध्ये ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, सबब राजकीय जाणीव कमी आहे, असा निष्कर्ष होता. त्या आकड्यात माझी एक खूण आहे. गावात आपलं कोण ऐकतं आणि दिल्लीत कोण, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. बरीच वर्षं मला त्याचं वाईट वाटत राहिलं. एका समाजात घडलेली संकल्पना दुसरीकडे नेताना ताणली जाते आणि ताणता ताणता पोकळ होते, हा जिओव्हानी सार्तोरी यांचा १९७०चा इशारा मी त्यानंतर वाचला. वाचताना मला ते सूप दिसत होतं.

आता माझी सर्वांत मोठी तक्रार. नोकरीत स्थिरावल्यावर मी भाषा आणि राज्यसंस्था या विषयावर भारत आणि श्रीलंका यांच्या तुलनेचा प्रस्ताव दिला. निवड समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘श्रीलंकेचा अभ्यास म्हणजे परराष्ट्र धोरण. तुमचा विषय तौलनिक ना? मग ब्रिटन घ्या, ग्रंथालयात पुस्तकं आहेत.’ प्रस्ताव परत आला. शेजारी देश म्हणजे सीमा आणि सुरक्षा, आणि तुलना करायची ती लंडनशी, ही समजूत आमच्या विषयात इतकी मुरलेली आहे की ती समजूत आहे हेसुद्धा आता लक्षात येत नाही.

एका सालाकडे बघा, १९५६. त्या वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानची पहिली राज्यघटना अमलात आली आणि उर्दूबरोबर बांगलालाही राजभाषेचं स्थान मिळालं. जूनमध्ये श्रीलंकेच्या संसदेनं सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवली. नोव्हेंबरमध्ये भारतात भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना झाली. एकाच साम्राज्यातून नुकतेच सुटलेले तीन शेजारी, एकाच वर्षी, एकाच प्रश्नाला तीन उत्तरं देत होते. आमचा संयुक्त महाराष्ट्राचा लढा आम्ही घराघरांत ऐकला, हुतात्मा चौकात फुलं वाहिली. पण त्याच वर्षी शेजारी काय घडत होतं, हे आम्हाला एकाही वर्गात कुणी सांगितलं नाही.

आता तुलनेची खरी कसरत. श्रीलंकेत पुढे १९८३ ते २००९ यादवी युद्ध झालं, भारत एकसंध राहिला. का? पहिलं उत्तर आकड्यांचं. तिथे सिंहलींचं स्पष्ट बहुमत होतं, आपल्याकडे कुठलीच एक भाषा बोलणारे निम्म्यावर नाहीत, म्हणून कुणाला लादता आलं नाही. पटतं ना? मग तिसरा देश शेजारी ठेवा. पाकिस्तानात बंगालीभाषक निम्म्याहून अधिक होते, तरी १९४८ साली जीनांनी ढाक्यात राजभाषा उर्दूच राहील असं सांगितलं, आणि १९५२च्या २१ फेब्रुवारीला त्याविरुद्ध आंदोलन करणारे विद्यार्थी गोळीबारात मेले. म्हणजे नुसत्या आकड्यांनी भागत नाही. मग म्हणू, भाषेला मान्यता दिली की झालं. पण ती बांगलाला १९५६ साली मिळाली होती, तरी १९७१ साली देश फुटणं टळलं नाही. पश्चिमेकडचे प्रांत आधीच एकत्र करून पूर्वेचं संख्याबळ निष्प्रभ केलेलं होतं, १९५८ साली लष्करी राजवट आली, आणि १९७०च्या निवडणुकीत पूर्वेनं बहुमत मिळवलं तेव्हा सत्ता मिळाली नाही. भाषेला कागदावर जागा देणं वेगळं आणि ती बोलणाऱ्यांना सत्तेत जागा देणं वेगळं. आपल्याकडे १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीनं मतपेटीतून धक्का दिला आणि १९६० साली राज्य मिळालं. मद्रासमध्ये स्वतंत्र देश मागणाऱ्या पक्षानं १९६३ साली ती मागणी सोडली आणि १९६७ साली निवडणूक जिंकून सरकार बनवलं. श्रीलंकेत तमिळांना प्रादेशिक परिषदा देण्याचा करार १९५७ साली झाला आणि वर्षभरात मोडला. तीन देशांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण एकट्या आपल्या देशाकडे बघत बसले असते, तर पहिल्याच उत्तरावर मी थांबले असते.

शेवटी २००४ साली, युद्धविराम असताना, मी स्वतःच्या रजेत आणि स्वतःच्या पैशांनी जाफन्याला गेले. १९८१ साली जाळलेलं तिथलं सार्वजनिक ग्रंथालय पुन्हा उभं राहिलं होतं. वाचनालयात एक निवृत्त कारकून भेटले. सिंहलीची परीक्षा द्यायला नकार दिला म्हणून त्यांची वेतनवाढ रोखली गेली होती. किती रुपयांची, ते त्यांनी पैशापर्यंत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या राज्यात कारकून टिपणी कुठल्या भाषेत लिहितो? मी म्हटलं, मराठीत, १९६४ साली तसा कायदाच झाला. ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘आणि दिल्लीला ते चालतं?’ मी हो म्हटलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. जी गोष्ट मी जन्मभर गृहीत धरली होती, ती कुणाला खरी वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. ‘आपल्याकडे हे असंच असतं’ किंवा ‘हे फक्त आपल्याकडेच घडतं’ असं म्हणण्यापूर्वी शेजारी बघा. स्वतःविषयी अभिमान वाटत असेल तरी बघा, निराशा वाटत असेल तरी बघा. आज ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्या कुणीतरी मिळवलेल्या आहेत आणि त्या जाऊही शकतात, हे शेजाऱ्याकडे बघितल्याशिवाय समजत नाही.

त्या गृहस्थांशी मी इंग्रजीत बोलले, कारण मला तमिळ येत नव्हतं, आजही येत नाही. त्यामुळे पुढचं बरंच काही विचारायचं राहून गेलं. तुमच्यापैकी एकानं जरी तमिळ, सिंहली, बांगला, उर्दू यांतली एक भाषा शिकून घेतली आणि तिथल्या कुणाच्या ओट्यावर जाऊन बसलं, तरी आमच्या त्या पेपरच्या नावाला अर्थ येईल. प्रश्नावली न्या. पण समोरच्यानं ‘कोणतं सरकार?’ असं विचारलं, तर ते आधी लिहून घ्या.