आधी बॅटरी, मग लाडू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. परंतु "तुम्ही कळसूबाईला जाऊन आलात, त्याबद्दल सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले. तिथल्या देखाव्याचे वर्णन मी करणार नाही. माझ्या हातून काय चूक झाली आणि डोंगरावर जाताना बरोबर काय असावे, तेवढेच सांगते.

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. बारी गावातून वाट चढते आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माझी मुलगी कॉलेजात शिकते, तिला डोंगरांचा नाद. मागल्या मार्गशीर्षात म्हणाली, "आई, या खेपेला तूही चल." सोबत माझा भाचा होता.

आदल्या दिवशी तिने यादी वाचून दाखविली. खाचांच्या तळाचे बूट, प्रत्येकी तीन लिटर पाणी, कपाळाला बांधायच्या तीन बॅटऱ्या, शिट्टी. मला हसू आले. म्हटले, "नवरात्रात गावच्या बायका देवीला चढतात, त्या काय याद्या करतात?" पण त्या वाटेवर त्यांचा जन्म गेला आहे आणि मी आयुष्यभर ओट्यापाशी उभी राहिलेली, हे काही माझ्या ध्यानात आले नाही.

नुसते हसून थांबले असते तरी चालले असते. रात्री मुले निजल्यावर मी तिची सॅक उघडली. लाडू-चकल्यांचा डबा मावेना, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन बॅटऱ्या काढून फळीवर ठेवल्या. एक बॅटरी पुरे, असे मनाशी म्हटले. पायात माझे नेहमीचे सपाट तळाचे कापडी बूट.

चढताना सारे ठीक झाले. उतरताना मात्र पाय सरकू लागले. दर दहा पावलांना मी बसे. पाणी संपले, तोंडाला कोरड पडली, लाडू घशाखाली उतरेना. दिवस लहान, वाटेतच अंधार झाला. फोटो काढून काढून मोबाईल मिटलेले. मुलीने सॅक उपसली, एकच बॅटरी हाती लागली. ती तिने माझ्या कपाळाला बांधली आणि म्हणाली, "आई, तू पाय बघून टाक." स्वतः अंधारात मागे राहिली. शेवटची शिडी उतरून थोडे पुढे आलो, तोच तिचा पाय दगडावरून मुरगळला. तीन आठवडे प्लास्टर होते. फळीवरच्या दोन बॅटऱ्या तिने घरी येताच पाहिल्या, पण एक शब्द बोलली नाही. ते मला बोलण्याहून अधिक लागले.

ती खाटेवर असताना मी एकेका वस्तूचे कारण तिला विचारून घेतले.

पहिले बूट. पाट्याला टाकी लावली नाही तर वाटण नुसते घसरते, तसेच पायाचे. तळाला खोल खाचा हव्यात. उतरताना बोटे पुढे आपटतात, म्हणून बूट किंचित मोठा घ्यावा, आणि तो संध्याकाळी, जाड मोजे घालून पाहावा. नवा बूट आधी आठ दिवस घरात वापरावा.

सॅकला कमरपट्टा असावा. मूल कडेवर घेतले की भार कमरेवर येतो आणि खांदा सुटतो, तेच हे. जड वस्तू पाठीशी लागून ठेवाव्यात.

सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठते. लवकर वाळणारा कपडा अंगावर, लोकरीचा सॅकमध्ये.

बॅटरी कपाळाची, म्हणजे शिडीवर दोन्ही हात मोकळे राहतात. माणशी एक, आणि जादा सेल. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिट्टी अशासाठी की ओरडून घसा बसतो. संकटात मिनिटात सहा वेळा वाजवावी, मिनिटभर थांबावे, पुन्हा वाजवावी.

दोराविषयी एकच सांगते. कपडे वाळत घालायची दोरी कधीही नेऊ नये. कड्याचा नायलॉनचा दोर किंचित ताणतो आणि पडणाऱ्याचा हिसका झेलतो. परंतु तो शिकवणाऱ्याशिवाय हाती धरू नये.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची थेरे. जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली एव्हरेस्टवर पोचल्या, तिथे पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. घरी लहान मुलगी होती. पैसा अपुरा, म्हणून त्यांच्या तुकडीतल्या बायकांनी मोटारीच्या आसनांच्या जुन्या कापडातून वरचे हातमोजे शिवले, पिसे आणून झोपायच्या पिशव्याही स्वतः केल्या. शिवणकाम तर आपल्यालाही येते!

मुलीचा पाय आता बरा आहे. पुढल्या महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत. सॅक मीच भरणार, असे मी तिला सांगितले. ती हसून म्हणाली, "आधी बॅटरी, मग लाडू."